मार्पलबाई बदलल्या का?

मागच्या वेळी इथे बसून आम्ही थकलेल्या हप्त्यांबद्दल बोललो, तेव्हा काहीजणींनी निरोप धाडला की ताई, रेडिओवर तरी पैशाचं काढू नका. म्हणून आज गोष्टीतल्या एका म्हातारीबद्दल बोलतोय. अर्थात आम्ही पडलो गटातल्या बाया, त्यामुळे कुठेतरी वही आणि पासबुक येणारच. तेवढं सांभाळून घ्या.

आमच्या गटाची महिन्याची बैठक संपली की अर्धा तास वाचन असतं. चार वर्षं झाली. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, हातात शेंगा फोडायच्या असतील किंवा गोधडीला टाके घालायचे असतील तर ते चालू ठेवायचं. आधी देवाधर्माचं वाचलं. मग आरोग्याची एक पुस्तिका वाचली, ती कुणालाच आवडली नाही. मग वाचनालयातून ॲगाथा ख्रिस्ती यांच्या एका कादंबरीचा मराठी अनुवाद आला, आणि बैठकीला नेहमी उशिरा येणाऱ्या बाया वेळेवर यायला लागल्या. जी पुस्तकं मराठीत हाती लागली नाहीत ती आमच्यातल्या एकीच्या मुलीने इंग्रजीत वाचून आम्हाला सांगितली. ती तालुक्याच्या कॉलेजात शिकते. थोडं आमचं बी.ए.सुद्धा कामाला आलं, एरवी ते नुसतं अर्जावर लिहायलाच उपयोगी पडतं.

ख्रिस्तीबाई इंग्लंडच्या. जन्म १८९०चा, मृत्यू १९७६चा. खून कुणी केला हे शोधण्याच्या त्यांच्या ६६ कादंबऱ्या आहेत. त्यांतल्या १२ कादंबऱ्यांत आणि शिवाय २० लघुकथांत तपास लावणाऱ्या आहेत त्या मिस जेन मार्पल. पोलीस नव्हेत, वकील नव्हेत, कुणाच्या पगारी हेर नव्हेत. सेंट मेरी मीड नावाच्या खेड्यात राहणाऱ्या बिनलग्नाच्या म्हाताऱ्या बाई. पांढरे केस, निळे डोळे, मांडीवर लोकरीचं विणकाम. हे गाव नकाशावर सापडणार नाही, लेखिकेने ते मनाने वसवलेलं आहे. पण रस्त्याकडेच्या बागेत खुरपत बसलं की येणारा-जाणारा प्रत्येकजण नजरेखालून जातो, ही मार्पलबाईंची युक्ती आमच्यातल्या निम्म्या जणी रोज वापरतात.

वाद कसा सुरू झाला ते सांगतो. आम्ही आधी वाचलं ते मधलंच पुस्तक, १९५७चं. मार्पलबाईंची एक मैत्रीण आगगाडीत बसलेली असते. शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी जाते, आणि तिच्या खिडकीत एक माणूस एका बाईचा गळा दाबताना मैत्रिणीला दिसतो. पोलिसांना प्रेत मिळत नाही, त्यामुळे त्यांना वाटतं म्हातारीला भास झाला. मार्पलबाई मात्र मैत्रिणीवर विश्वास ठेवतात. का, तर ही बाई कल्पना करणाऱ्यांतली नाही, दिसलं तेवढंच सांगणारी आहे, हे त्यांना ठाऊक असतं. आम्हाला त्या फार आवडल्या. शांत, मायाळू, दुसऱ्या म्हातारीचं ऐकून घेणाऱ्या.

मग हाती आली त्यांची पहिली कादंबरी, १९३०ची. पाद्र्यांच्या घरात, त्यांच्याच अभ्यासिकेत एका कर्नलचा खून होतो, ती गोष्ट. गोष्ट सांगतात स्वतः पाद्री. त्यांच्या घरी गावातल्या तीन-चार बायका चहाला जमतात आणि सगळ्या गावाची उणीदुणी काढतात. त्या बायकांत मार्पलबाई! पाद्र्यांची तरुण बायको त्यांना गावातली सगळ्यांत वाईट चुगलखोर म्हणते. पाद्री म्हणतात, दिसायला मऊ आहे, पण या सगळ्यांत हीच जास्त धोक्याची. बाईंकडे पक्षी बघायची दुर्बीण असते, आणि ती कुणाकुणाकडे वळत असेल हे तुम्हीच समजा.

आमच्यातली सर्वांत धाकटी सून वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, ‘ताई, ही ती नव्हेच. नाव तेच ठेवलंय, बाई दुसरी आहे.’

तिचं म्हणणं अगदीच पोरकट नव्हतं. ख्रिस्ती वाचणाऱ्या पुष्कळ लोकांनी हेच म्हटलेलं आहे, की आधीच्या मार्पलबाई खवचट, नाक खुपसणाऱ्या, आणि पुढे त्या हळूहळू गोड आजी होत गेल्या. मग आमच्यात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं की लेखिकेला आधी एक बाई सुचली आणि पुढे ती आवडली म्हणून तिचे काटे काढून टाकले. दुसऱ्या तटाचं म्हणणं की बाई तीच आहे, आपण नीट वाचत नाही. तीन बैठका यात गेल्या. एका बैठकीत तर वाचन आधी आणि वसुली नंतर झाली, हे आम्ही प्रभागात कुणाला सांगितलेलं नाही.

आता न्यायाने सांगायचं तर लेखिकेच्या हातून चुका झालेल्या आहेतच. मार्पलबाई पहिल्यांदा छापून आल्या १९२७ साली एका मासिकातल्या गोष्टीत. त्यात त्यांच्या अंगावर काळा भरजरी पोशाख, हातात काळ्या जाळीचे मोजे आणि डोक्यावर जाळीची टोपी आहे, म्हणजे त्या काळच्याही मानाने आजीच्या जमान्यातली बाई. पुढे ती टोपी आणि ते मोजे कुठे जातात कळत नाही, साधी ट्वीडची जाकीटं येतात. त्यांचा एक भाचा आहे, रेमंड वेस्ट, लेखक. सुरुवातीच्या गोष्टींत त्याचं जिच्याशी जमतं तिचं नाव जॉइस. पुढच्या पुस्तकांत त्याची बायको जोन. घटस्फोट नाही, मृत्यू नाही, नुसतं नाव बदललं. आमच्या इथे सासरी नाव बदलतात हे खरं, पण त्यांच्याकडे तशी रीत नाही! सेंट मेरी मीड कुठल्या जिल्ह्यात आहे तेही एका पुस्तकात एक आणि दुसऱ्यात दुसरं.

सगळ्यांत मोठा घोटाळा वयाचा. पहिल्याच गोष्टीत बाई म्हाताऱ्या, आणि शेवटची लिहिलेली कादंबरी १९७१ची. चव्वेचाळीस वर्षं. ख्रिस्तीबाईंनी आपल्या आत्मचरित्रात हे मोकळेपणाने कबूल केलंय, की आपण त्यांना पासष्ट-सत्तरीच्या वयातच जन्माला घातलं आणि ते पुढे फार अडचणीचं झालं, कारण त्या आयुष्यभर सोबत राहणार हे तेव्हा माहीत नव्हतं. मासिकासाठी सहा गोष्टी लिहायला घेतलेली बाई पुढे चाळीस वर्षं चालवायची म्हटल्यावर टोपी आणि जिल्हा कोण लक्षात ठेवणार? आम्हाला या चुकांचं काही वाटलं नाही. गटाच्या जुन्या वह्यांत आमच्याच एका सदस्येचं नाव तीन तऱ्हेने लिहिलेलं आहे.

पण स्वभावाचं काय? खरा वाद तोच होता.

तो सुटायला मदत झाली ती १९४२च्या एका कादंबरीची. एका छोट्या गावात लोकांच्या घरी निनावी, घाणेरडी पत्रं येतात. गोष्ट सांगणारा एक तरुण आहे. विमान अपघातातून उठलेला, विश्रांतीसाठी शहरातून आलेला, गावाशी काही देणंघेणं नसलेला. मार्पलबाई या पुस्तकात फार उशिरा येतात, एका ओळखीच्या बाईंकडे पाहुण्या म्हणून. त्या तरुणाला काय दिसतं? विणकाम करणारी एक गोड म्हातारी. बास. त्याला तिची भीती वाटत नाही, कारण त्याची कुठलीच गोष्ट तिला माहीत नाही. पण त्याच पुस्तकात त्या गोड म्हातारी काय करतात? गुन्हेगाराला पकडायला एका तरुण मुलीला आमिष म्हणून पुढे करतात. तिला सांगून, पोलिसांना मागे उभं करून, पण पुढे करतात. ही काही दात पडलेली आजी नव्हे.

आणि १९३०च्या पुस्तकात त्यांना चुगलखोर कोण म्हणतं? पाद्री आणि त्यांची बायको. म्हणजे शेजारी! ज्यांच्या घरी बाहेर न सांगण्यासारख्या चार गोष्टी आहेत, आणि समोरच्या बागेत ही बाई खुरपं घेऊन बसलेली. त्यांना ती धोक्याचीच वाटणार. त्याच पुस्तकाच्या शेवटी पाद्र्यांच्या बायकोचं एक गोड गुपित मार्पलबाईंना आपोआप कळतं. कुठलं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. ते आपल्यापाशी सुरक्षित राहील, असं त्या सांगतात. आता सांगा, गावातली सगळ्यांत वाईट चुगलखोर बाई अशी वागते का?

हे वाचून झालं तेव्हा आमच्यात थोडा वेळ कुणी बोललं नाही. कारण सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली होती, आणि ज्यांची ती गोष्ट त्या समोरच बसून शेंगा फोडत होत्या.

त्यांना आम्ही आत्या म्हणतो. लवकर विधवा होऊन माहेरीच राहिल्या, त्यामुळे अर्ध्या गावाच्या त्या आत्याच. गटात पहिल्या दिवसापासून आहेत. प्रत्येक बैठकीत विचारायच्या, बँकेत कोण गेलं, पावती कुठे आहे, आज शिल्लक किती. आम्ही त्यांना मागून ‘सीआयडी’ म्हणायचो. कधीकधी पुढूनही.

तीन वर्षांपूर्वी एका सदस्येने म्हशीसाठी गटातून साठ हजार घेतले. रीतीप्रमाणे आमच्यापैकी दोघी तिच्या घरी जाऊन आल्या. गोठ्यात म्हैस बांधलेली होती. वहीत खूण केली, चहा घेतला, परत आलो. पुढच्या बैठकीत आत्या म्हणाल्या, ‘म्हैस असेल, पण तिचा उकिरडा वाढलेला नाही. आणि डेअरीवर तिच्या घरची किटली मला काही दिसत नाही.’ आम्ही काय म्हटलं असेल? ‘आत्या, लोकांच्या उकिरड्यात कशाला डोकावता?’ सगळ्या हसल्या. ती सदस्यासुद्धा हसली. तिच्याकडे तेव्हा नीट पाहायला हवं होतं.

म्हैस तिच्या दिराची होती, पाहणीपुरती आणून बांधलेली. पैसे नवऱ्याने घेऊन आपलं जुनं देणं भागवलं होतं. तिने आपल्या डोरल्याच्या वाट्या गहाण टाकून चार हप्ते भरले, पाचवा भरता आला नाही, आणि मग ती माहेरी निघून गेली. आम्हाला सगळं कळलं तेव्हा सात महिने झाले होते. हप्ते पुन्हा बांधून दिले, ती परत आली, आजही गटात आहे आणि ही गोष्ट इथे सांगायला तिने स्वतः हो म्हटलं आहे. पण ते सात महिने तिने एकटीने काढले. आत्या त्यावर आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत. नुसतं पावती पुस्तक मागून घेतलं, ते आजवर त्यांच्याकडेच आहे.

तर वादाच्या तिसऱ्या बैठकीत आम्ही त्या वर्षीचं इतिवृत्त काढलं. त्यात दोन ठिकाणी आमच्याच अक्षरात लिहिलेलं आहे, की सदर सदस्येने विनाकारण शंका उपस्थित केल्या. पुढच्या वर्षीच्या वहीत लिहिलंय, आत्यांच्या अनुभवाचा गटाला फायदा झाला. उद्या एखाद्या परक्या बाईने या दोन वह्या वाचल्या तर ती म्हणेल, या आत्या आधी भांडखोर होत्या, मग सुधारल्या. आत्या होत्या तिथेच आहेत. तेच प्रश्न, तोच आवाज. वही लिहिणारं माणूस बदललं.

आता या नजरेने मार्पलबाई वाचा. पहिल्या गोष्टीपासून शेवटच्या कादंबरीपर्यंत त्यांची पद्धत एकच आहे. खून लंडनला होऊ दे, नाहीतर दूर समुद्रापलीकडच्या बेटावर, त्यांना गावातलं कुणीतरी आठवतं. १९२७च्या त्या पहिल्या गोष्टीत एका घरात रात्रीच्या जेवणानंतर बाई मरते. मोठमोठे लोक बसून तर्क लढवतात. त्यात एक पोलीस खात्यातला बडा अधिकारी आहे, एक वकील आहे. मार्पलबाईंना आठवतात गावातले एक गृहस्थ, फार सज्जन म्हणून नावाजलेले. मेल्यावर कळलं की त्यांचं दुसऱ्या एका बाईबरोबर घर होतं, पाच मुलं होती, आणि ती बाई पूर्वी त्यांच्याच घरी कामाला होती. त्यावरून बाई बरोबर जागी पोचतात. विष गोड पदार्थावर भुरभुरवलेल्या साखरेच्या रंगीत दाण्यांतून गेलं होतं. ते कुणाला सुचलं? ज्यांनी असला पदार्थ कधी केलाच नाही त्या पुरुषांना सुचलं नाही.

एका पुस्तकात प्रेताची कुरतडलेली नखं पाहून त्या अडखळतात. नटूनथटून नाचायला जाणाऱ्या मुलीची नखं अशी कशी? अंगावरचा झगाही जुनाच कसा? पोलिसांनी ती नखं पाहिलेली असतात, पण पाहून सोडून दिलेली असतात. आत्या म्हणाल्या, ‘उकिरडा.’ एवढंच म्हणाल्या.

त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे. प्रेत सापडतं ते गावातल्या एका प्रतिष्ठित कर्नलच्या घरात. त्यांचा काही संबंध नसतो, पण हळूहळू लोक त्यांना जेवायला बोलवायचे थांबतात, समितीच्या बैठका परस्पर पुढे ढकलल्या जातात. मार्पलबाईंना घाई असते ती यामुळे. खुनी सापडला नाही तर हा भला माणूस कुजबुजीने संपेल, हे त्या ओळखून असतात. म्हणजे कुजबुज काय करू शकते हे त्या बाईंना नेमकं ठाऊक आहे. कानावर येईल ते सगळं त्या ऐकतात, पण पुरावा हातात आल्याशिवाय नाव घेत नाहीत. आम्ही मात्र पुष्कळदा उलटं करतो, नाव आधी घेतो.

आणखी एक न बदललेली गोष्ट म्हणजे त्यांचा कठोरपणा. एका जुन्या गोष्टीत त्या एका बायको मारणाऱ्या माणसाची हकिगत सांगतात आणि स्पष्ट म्हणतात, त्याला फाशी झाली याचं मला कधी वाईट वाटलं नाही. १९७१च्या पुस्तकातही तीच बाई आहे, गुलाबी लोकरीची शाल पांघरून. लोकर ही त्यांची ढाल आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं. समोरचा म्हणतो, म्हातारी आहे, विणतेय, हिला काय कळणार, आणि बोलत सुटतो. त्या बेटावरच्या कादंबरीत त्यांना एक फोटो बघायचा असतो, तर डॉक्टरांना बिनदिक्कत खोटं सांगतात की त्या मेलेल्या माणसाकडे माझ्या भाच्याचा फोटो राहिलाय. सांगून झाल्यावर मनाला थोडं लागतं, पण सांगतात. गोड आजी म्हणणाऱ्यांनी हे पान पुन्हा वाचावं.

पडद्यावरच्या मार्पलबाईंची मात्र आम्ही हमी घेत नाही. १९६०नंतर चार सिनेमे निघाले, त्यांत मार्गारेट रदरफोर्ड यांनी केलेल्या बाई धडाधड धावणाऱ्या, विनोदी आहेत. पुढे टीव्हीवर जोन हिक्सन यांनी १९८४ ते १९९२ या काळात बाराही कादंबऱ्या केल्या, त्या पुस्तकातल्या बाईंच्या पुष्कळ जवळच्या. मोबाईलवर बघायचं असेल तर हिक्सनबाईंचं बघा.

मग काहीच बदललं नाही का? तर बदललं, आणि ते लेखिकेने विसरून नव्हे, जाणून बदललंय.

पहिलं म्हणजे शरीर. १९५७च्या गाडीच्या गोष्टीत बाईंना कळतं की प्रेत कुठे असेल ते आपण सांगू शकतो, पण हुडकायला आपले पाय पुरायचे नाहीत. मग त्या काय करतात? ल्यूसी नावाच्या एका हुशार मुलीला त्या घरात कामाला धाडतात. मुलगी गणित शिकलेली, पण पैसा घरकामात आहे हे ओळखून तोच धंदा करणारी. १९६२च्या पुस्तकात तर डॉक्टरांनी बागकामाला बंदीच केलीय. माळी सांगितलेलं ऐकत नाही, विणताना टाके सुटतात, आणि भाच्याने सोबतीला ठेवलेली एक बाई ‘आज आपण दूध पिणार ना’ अशा लहान मुलाशी बोलावं तशा भाषेत बोलते. मार्पलबाई तिला लांबलांबच्या दुकानांत सामान आणायला पिटाळतात आणि तेवढ्यात नव्या वस्तीत एकट्या फिरून येतात. आमच्यातल्या तिघी-चौघी यावर इतक्या हसल्या, की सुनांना कळेना हसण्यासारखं काय आहे.

दुसरा बदल जास्त खोल आहे. सुरुवातीच्या गोष्टींत खून म्हणजे बाईंना बरंचसं कोडं असतं, बुद्धीला खाद्य. १९५३च्या कादंबरीत तसं राहत नाही. एका श्रीमंत घरात ग्लॅडिस नावाची कामवाली मुलगी मारली जाते आणि मारणारा तिच्या नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून ठेवतो. ही मुलगी अनाथाश्रमातून आलेली. तिला वाढायला, चांदीची भांडी पुसायला मार्पलबाईंनीच शिकवलेलं. भोळी, जरा मंद, सिनेमातल्या नटांवर भाळणारी. वर्तमानपत्रात वाचून बाई पिशवी उचलतात आणि आगगाडीने एकट्याच तिथे जातात. कुणी बोलावलेलं नसतं. त्या चिमट्याचा त्यांना खुनाइतकाच राग येतो, कारण त्यात त्या पोरीची थट्टा आहे. शेवटी सगळं सुटल्यावर घरी येतात, तर ग्लॅडिसचंच एक पत्र वाट बघत असतं. बाईंना मदत मागणारं, उशिरा पोचलेलं. त्या रडतात, मग चिडतात. आमच्यातल्या ज्या दोघी तालुक्याला धुण्याभांड्याची कामं करतात त्यांनी हे पुस्तक दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

पहिल्या गोष्टीतली जाळीची टोपी घातलेली बाई अशी रडली असती का? धाकट्या सुनेचं म्हणणं, नाही. आमचं म्हणणं, रडली असती, पण तेव्हा तिला कुणी रडण्याइतकं जवळचं दिलेलं नव्हतं. हा मुद्दा काही मिटला नाही. आम्ही तो तसाच ठेवलाय.

एक गंमत सांगतो. १९६५च्या कादंबरीत मार्पलबाई लंडनच्या एका हॉटेलात उतरतात. चौदा वर्षांच्या असताना तिथे राहिलेल्या असतात. आणि हॉटेल जसंच्या तसं! तेच सोफे, तसाच चहा, तसेच केक, तशाच नोकर मुली. आधी बाईंना आनंद होतो. मग त्या अस्वस्थ होतात. इतक्या वर्षांत, दोन महायुद्धं होऊन गेली तरी, काहीच कसं बदललं नाही? जिवंत जागा अशी राहत नाही. आणि खरंच तिथे काहीतरी शिजत असतं, ते सांगत नाही, वाचा. हे पुस्तक झाल्यावर धाकट्या सुनेचा जोर थोडा कमी झाला आणि आमचाही.

शेवटच्या १९७१च्या कादंबरीत एक श्रीमंत म्हातारा मरताना बाईंसाठी काम ठेवून जातो, आणि ते पार पाडलं तर वीस हजार पौंड. काम पार पडतं. वकील पैसे द्यायला बसलेले असतात आणि समजावत असतात, की बाई, अडीअडचणीला असू द्या, नीट गुंतवा. जन्मभर भाच्याच्या मदतीवर आणि काटकसरीवर राहिलेल्या मार्पलबाई सांगतात, नको, चालू खात्यात टाका. मला खर्च करायचेत. मजा करायचीय.

यावर आमच्या गटात पुन्हा दोन तट पडले. गटाच्या शिस्तीत हे बसत नाही, असं आमच्या सचिवांचं म्हणणं. इतकी वर्षं पै-पै मोजणारी बाई असं म्हणेलच कशी, लेखिकाच इथे चुकली. आत्यांनी ऐकून घेतलं, शेंगांची टरफलं पदरातून झटकली आणि विचारलं, ‘आपल्या बँकेत चालू खातं उघडायला कमीत कमी किती ठेवावे लागतात गं?’